खोटा शिक्का, खरे नुकसान
(शेती आणि आरोग्य)

उज्जैनच्या फ्रीगंज भागात घड्याळाचा मोठा मनोरा आहे. त्याच्या भोवतीच्या चौकाला लोक टावर चौक म्हणतात. संध्याकाळी तेथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि पोरेबाळे घेऊन माणसे फिरायला येतात. मराठी माणसाला हे गाव परके नाही. राणोजी शिंद्यांनी येथे आपली राजधानी केली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरजवळ लष्करला हलवली, तरी मराठी घरे येथे राहिलीच. आज येथे आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मप्रांतही आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील दहाबारा जण एका लग्नाच्या निमित्ताने तेथे गेलो होतो. चौकात एका फिरत्या विक्रेत्याकडून आमच्यातल्या एका तरुणाने अडीचशे रुपयांना मनगटी घड्याळ घेतले. वर मोठ्या कंपनीचे नाव होते. धर्मशाळेत येऊन दिव्याखाली पाहिले तर त्या नावात एक अक्षर कमी! आम्ही सगळे हसलो. परतीच्या गाडीत खांडवा येण्याआधीच ते घड्याळ बंद पडले, तेव्हा आणखी हसलो.

आमच्यातला एक शेतकरीबंधू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "तुमचे अडीचशे गेले. माझा सबंध हंगाम गेला. पण माल त्याच जातीचा!"

त्याने गाडीत जे सांगितले ते येथे देत आहोत. त्याच्या सांगण्यावरूनच हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले.

चार पिशव्यांची गोष्ट

माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इंदूरला आहे. आपल्याकडे घरोघर माहीत झालेला जेएस ३३५ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा. तेव्हा बियाणे माळव्यातून आणावे असे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही. आमच्या या बंधूने त्याच्या आदल्या वर्षी, मृगाच्या तोंडावर, त्याच बाजूला एका विक्रेत्याकडून तीस किलोच्या चार पिशव्या घेतल्या. एकरी एक, असा चार एकरांचा हिशेब. पिशवी छापील, तोंड शिवलेले, वर निळी चिठ्ठी. भाव आपल्याकडच्या दुकानापेक्षा पिशवीमागे चारशे रुपयांनी कमी. बिल मागितले तर विक्रेता म्हणाला, "बिल हवे असेल तर चारशे वाढतील." याने बिल घेतले नाही.

पाऊस चांगला झाला. चार बोटे नव्हे, वीतभर ओल उतरली, मगच पेरणी केली. पाचव्या दिवशी बांधावरून पाहिले तर शेजाऱ्याच्या शेतात ओळी दिसू लागल्या होत्या. शेजाऱ्याने घरचेच बियाणे पेरले होते, त्याच दिवशी. याच्या शेतात चारांत एक दाणा वर आला. माती उकरली तर बाकीचे दाणे फुगून कुजलेले.

पिशवीवरची चिठ्ठी घेऊन तो तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेला. तेथून कंपनीला विचारणा झाली. उत्तर आले की या लॉट नंबरचे बियाणे आम्ही बांधलेलेच नाही, पिशवी आमची नाही. मग विकणाऱ्याला धरावे तर बिल नाही. त्याने आपल्याला विकले याला पुरावा काय? धावपळीत पंधरा दिवस गेले. दोन एकरांत तूर टाकली, दोन एकर पडीक राहिले. मुलीची नर्सिंगची फी सोयाबीनच्या पैशावर ठरलेली होती. ती पतपेढीच्या कर्जातून भरावी लागली. ते कर्ज अजून फिटते आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शत्रूने रात्री येऊन गव्हात निदण पेरल्याचा दाखला आहे. आपण तो मिस्सात दर तीन वर्षांनी ऐकतो. त्यातली एक गोष्ट शेतकऱ्याच्याच ध्यानात येईल. पेरताना काहीच कळत नाही. पात धरून पीक वर आले म्हणजे कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. बनावट घड्याळ आणि बनावट बियाणे यांत हाच फरक आहे. घड्याळ बदलता येते, मृग परत येत नाही.

नक्कल म्हणजे नेमके काय?

एखाद्याने आपल्या अकलेने, मेहनतीने काही तयार केले, तर त्यावर त्याचा हक्क असतो. कायदा याला बौद्धिक संपदा म्हणतो. व्यापाऱ्याचे नाव आणि चिन्ह हे ट्रेडमार्क. पुस्तक, गाणे, चित्रपट यांवर कॉपीराइट. नव्या शोधावर पेटंट. पिकाच्या नव्या वाणावर वाण पैदास करणाऱ्याचा हक्क. आणि एखाद्या मुलखाच्या नावानेच ओळखला जाणारा माल असेल, तर त्या मुलखातल्या सर्वांचे भौगोलिक मानांकन.

दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह आपल्या मालावर लावून विकणे ही नक्कल. त्यात दोन माणसे लुबाडली जातात. ज्याचे नाव चोरले तो, आणि ज्याने त्या नावावर विश्वास ठेवून माल घेतला तो. पहिल्याचे नुकसान पैशाचे असते. दुसऱ्याचे कधी पैशाचे, कधी पिकाचे आणि कधी जिवाचे.

सरकारने काय काय केले?

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ च्या १५ सप्टेंबरपासून लागू झाला. दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घेऊन वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात फौजदारालाही जप्तीचा अधिकार आहे. परदेशातून येणारा बनावट माल बंदरावरच अडवता यावा म्हणून २००७ मध्ये कस्टम खात्यासाठी नियम झाले. २०१६ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने बौद्धिक संपदेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि शाळा-कॉलेजांतून, पोलिसांतून या विषयाचे शिक्षण देण्यासाठी वेगळा विभाग उघडला. महाराष्ट्राने २००९ मध्ये आपल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात चित्रपटांच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांचाही समावेश केला. म्हणजे अशा माणसाला वर्षभर डांबून ठेवता येते.

आता शेतीकडे वळू. बियाणे कायदा १९६६ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला शिक्षा लिहिली गेली ती पाचशे रुपयांपर्यंत दंड! दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९६६ साली पाचशे रुपयांना मोल होते. आज तेवढ्यात बियाण्याची एक पिशवीही येत नाही. सिनेमाची चोरटी प्रत काढणारा वर्षभर आत, आणि चार एकरांचा हंगाम बुडवणारा पाचशे रुपये देऊन बाहेर. शेतकऱ्याने याला काय म्हणावे?

मात्र सगळी बाजू सांगितली पाहिजे. १९८३ मध्ये बियाणे नियंत्रण आदेश निघाला आणि बियाण्याचा व्यापार जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आला. त्या कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बियाणे विकायला परवाना लागतो, साठ्याचा फलक लावावा लागतो आणि गिऱ्हाइकाला बिल द्यावेच लागते. खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, कीडनाशकासाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. २०२३ मध्ये केंद्राने 'साथी' नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यात बियाण्याच्या पिशवीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवरून, म्हणजे क्यूआर कोडवरून, ते बियाणे कोठे पिकले, कोणी तपासले हे कळावे असा हेतू आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवला. त्यात मोठ्या गुन्ह्यांसाठी दंड लाखांच्या घरात नेला आहे.

तरीही माल येतोच. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून आपण होऊन दखल घेतली. विदर्भात परवानगी न मिळालेल्या, तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचे बियाणे साध्या पाकिटांतून, बिलाशिवाय विकले जाते आणि दर वर्षी छापे पडतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातच विदिशा जिल्ह्यात तणनाशक फवारल्यावर सोयाबीन करपल्याची तक्रार आली, तेव्हा केंद्रीय कृषिमंत्री स्वतः शेतात जाऊन उभे राहिले. मंत्री शेतात आले हे चांगलेच. पण प्रत्येक बांधावर मंत्री येणार नाही. तेथे आपणच उभे असतो.

खोटी चिठ्ठी जीव घेते

हे आरोग्याचेही पान आहे म्हणून पुढची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो आजारी पडले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्याची कारणे अनेक होती. माणसाहून उंच वाढलेली कपाशी, वारा, उकाडा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, दोनतीन औषधांचे मिश्रण. पण त्यातून सर्वांनी एक धडा घ्यावा. विषबाधेचा रोगी दवाखान्यात आला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कोणते औषध फवारत होता?" कारण उतारा विषावर अवलंबून असतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषाला अॅट्रोपिन देतात. दुसऱ्या गटाच्या विषाला त्याचा उपयोग होईलच असे नाही.

आता बाटली बनावट असेल तर? वर एक नाव, आत भलतेच विष. डॉक्टर चिठ्ठी वाचून उपचार करणार आणि चिठ्ठी खोटी बोलणार. म्हणून बनावट कीडनाशक हे नुसते पिकाचे नुकसान नाही.

आणि या बनावट बाटल्या कोठून येतात? कित्येकदा आपल्याच बांधावरून! रिकामी बाटली आपण फेकतो किंवा भंगारवाल्याला पाच रुपयांना देतो. तिचे झाकण आणि चिठ्ठी शाबूत असते. तीच पुन्हा भरून बाजारात येते. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी फवाऱ्यात ओतावे, बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, चिठ्ठी खरवडून काढावी आणि बाटली विहिरीपासून, ओढ्यापासून दूर पुरावी. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्याने नक्कल करणाऱ्याचा कच्चा माल तुटतो.

औषधाच्या गोळ्या

माणसांच्या औषधातही हेच चालते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदीतला सगळा गैरकारभार उजेडात आणला. २०२३ च्या अखेरीस नागपूर जिल्ह्यात एका सरकारी ग्रामीण रुग्णालयातली प्रतिजैविक गोळी औषध निरीक्षकाने तपासायला पाठवली, तर त्यात औषधच नव्हते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशच्या छिंदवाडा भागात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. छिंदवाड्याचे औषध दुसऱ्याच्या नावाने विकलेले नव्हते, तेव्हा त्याला नक्कल म्हणता येणार नाही. पण तपासणी ढिली पडली की नक्कल, भेसळ आणि निष्काळजीपणा एकाच दाराने आत येतात.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांसाठी कडक शिक्षा सुचवली. त्यानंतर २००८ मध्ये कायदा सुधारला. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने माणूस दगावला किंवा त्याला गंभीर इजा झाली, तर कमीत कमी दहा वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०२३ च्या १ ऑगस्टपासून खपाच्या तीनशे औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. मोबाईल धरला की औषधाचे नाव, कारखाना, बॅच नंबर, मुदत दिसते. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर हे काम त्याला सांगावे.

येथे एक गैरसमज दूर करू. जेनेरिक औषध म्हणजे बनावट औषध नव्हे. पेटंटची मुदत संपली की ते औषध कोणीही परवाना घेऊन, तपासणी करून, स्वतःच्या नावाने तयार करू शकतो. ते स्वस्त असते कारण जाहिरातीचा आणि मोठ्या नावाचा खर्च त्यावर नसतो. जनौषधी दुकानातली गोळी घेताना मनात शंका धरू नये. पेटंट चालू असतानाही लोकांचा जीव मोठा, हे आपल्या कायद्याने मानले आहे. २०१२ मध्ये कॅन्सरच्या एका औषधासाठी सरकारने हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला, तेव्हा महिन्याचा दोन लाख ऐंशी हजारांचा खर्च आठ हजार आठशेवर आला. खरे नाव लावून, कायद्याने, स्वस्त विकणे आणि खोटे नाव लावून विकणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

हक्क आपलाही आहे

बौद्धिक संपदा म्हटले की मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात. पण शेतकऱ्याचीही अक्कल असते आणि तिचीही चोरी होते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे थोड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या ठेवल्या, पुढल्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या. बारीक दाण्याचा, चवीचा तो तांदूळ गावोगाव पसरला. त्या काळी हौसेने घेतल्या जाणाऱ्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने त्यापासून शुद्ध केलेला वाण पीकेव्ही एचएमटी म्हणून बाहेर आला आणि आपल्याला श्रेय मिळाले नाही ही खंत दादाजींना राहिली. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, ते हलाखीतच. लाखो ताटांत त्यांचा भात पडला, पण त्यांच्या घरात पैसा आला नाही.

असे पुन्हा होऊ नये म्हणून २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकरी आपला वाण आपल्या नावाने नोंदवू शकतो. शिवाय आपल्या शेतात पिकलेले बियाणे ठेवणे, पेरणे, बदलून देणे, विकणे हा त्याचा हक्क कायद्याने राखला आहे. अट एकच, कंपनीचे नाव लावून ते विकायचे नाही. २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात ते मागे घेतले.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. २०१६ मध्ये जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांची नोंद झाली. डहाणू-घोलवडचा चिकूही त्याच वर्षीचा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. उज्जैनच्या बाटिक छपाईला आणि सिहोरच्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये. परमुलखातला आंबा हापूसच्या पेटीत भरला किंवा साधा गहू शरबती म्हणून विकला, तर तोही खोटाच शिक्का. नोंद झाली म्हणून आपोआप भाव मिळत नाही. शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ती आपल्यातल्या किती जणांनी केली आहे?

खरेदी करताना

आता कामाच्या गोष्टी. हे कात्रण कापून बियाण्याच्या डब्यावर चिकटवावे.

१. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे. बिल घ्यावे. त्यावर वाण, लॉट नंबर, किंमत आणि दुकानदाराची सही पाहावी. "बिलाशिवाय स्वस्त" हे ऐकले की तेथून निघावे.

२. चिठ्ठीचा रंग पाहावा. पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणिताला निळी, सत्यप्रतला हिरवी. रंग छापता येतो, म्हणून लॉट नंबर पिशवीवर, चिठ्ठीवर आणि बिलावर एकच आहे का हे ताडून पाहावे.

३. पिशवी वरून फोडू नये, खालून फोडावी. म्हणजे शिवण आणि चिठ्ठी शाबूत राहते. मूठ-दोन मुठी बियाणे त्यातच ठेवून पीक निघेपर्यंत पिशवी जपावी.

४. पेरणीआधी घरी उगवण पाहावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा दहांच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावे. आठव्या दिवशी मोजावे. सोयाबीनचे सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. साठ-पासष्ट आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. त्याहून कमी आले तर पेरू नये, परत करावे.

५. सोयाबीनचे बियाणे दर वर्षी विकत घ्यावेच असे नाही. तो सरळ वाण आहे, घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत चालते. त्याचे साल नाजूक असते, म्हणून मळणी हलकी करावी आणि पोती आपटू नयेत, थप्पी फार उंच रचू नये.

६. डीएपीचे थोडे दाणे तळहातावर चुन्याबरोबर मळावे, तंबाखू मळतो तसे. नाकात झोंबणारा वास आला तर खत खरे असण्याचा संभव जास्त. युरिया तापल्या तव्यावर संपूर्ण वितळतो, मागे काही उरत नाही.

७. कीडनाशकाच्या बाटलीवर त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि सील तपासावे.

८. फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम थांबवावे, कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे. मनाने उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, आणि बाटली कोठून घेतली हेही डॉक्टरांना सांगावे.

फसलो तर

न उगवल्याचे दिसताच, शेत मोडण्याआधी, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. त्याची प्रत मागून घ्यावी. शेताचे फोटो काढावेत. पंचनामा होण्याआधी दुबार पेरणी करू नये, पण समितीला उशीर होत असेल तर दहा जणांनी मिळून जाऊन बसावे. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो.

मग ग्राहक आयोग. शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याचा दावा उडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची. ग्राहकांसाठी १९१५ आणि शेतकऱ्यांसाठी १८००-१८०-१५५१ हे सरकारी दूरध्वनी आहेत.

स्वतःकडेही पाहू

शेवटी थोडे आपल्याबद्दल. बनावट माल विकणारा पापी, हे म्हणणे सोपे आहे. पण अडीचशेला मोठ्या नावाचे घड्याळ मिळते तेव्हा ते खरे नाही हे आपल्याला कळत नाही काय? दोनशे रुपयांच्या बुटावर मोठे नाव चालते, तोच कारखानदार उद्या औषधाच्या बाटलीवर मोठे नाव लावतो. बाजार एकच आहे आणि त्याला पैसे आपण देतो.

आपल्या गायनमंडळातही हे होते. कोणी मेहनतीने भक्तिगीतांची ध्वनिफीत काढली की एकजण विकत घेतो आणि चाळीस जण पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात. मिस्सात ते गीत गायला कायद्याची आडकाठी नाही, धार्मिक विधीला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण प्रती काढून वाटणे किंवा विकणे त्या सुटीत बसत नाही. ज्याने गीत रचले त्याच्या घरीही चूल आहे. चोरीविरुद्धची सातवी आज्ञा फक्त धान्याच्या पोत्यापुरती नाही.

आमच्या त्या शेतकरीबंधूने यंदा घरचेच बियाणे पेरले. गोणपाटावर शंभरांत ब्याऐंशी दाणे उगवले होते. धर्मग्रामातल्या पाच घरांनी मिळून उरलेले खत तालुक्याच्या दुकानातून एकत्र घेतले, पक्क्या बिलावर. दुकानदार प्रथम कुरकुरला, मग पाचांची गिऱ्हाइकी पाहून बिल फाडले. एवढे आपल्या प्रत्येक गावात करता येईल. संत इसिदोर हे शेतकऱ्यांचे आश्रयदाते. त्यांच्या सणाला, १५ मे रोजी, आपण बी आशीर्वादासाठी वेदीपाशी नेतो. यंदा नेण्याआधी ते गोणपाटावर तपासून न्यावे. आशीर्वाद देवाचा आहे, दाणे मोजणे आपले काम आहे.